आमदारांसाठी राखीव

आमच्या शेजारच्या शेळकेमास्तरांच्या गच्चीवर बावीस सीट आहेत. सीट म्हणजे खुर्च्या नव्हेत. पत्र्याच्या शेडखाली पिवळ्या ऑइलपेंटने आखलेले चौकोन. डावीकडे दोन, उजवीकडे दोन, मधून जायला वाट. प्रत्येक चौकोनात नंबर. काहींवर 'महिला' लिहिलंय, आणि सगळ्यांत पुढे, जिन्याच्या दाराशी, एक नंबरवर ठसठशीत अक्षरांत 'आमदार'.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. आमच्याकडे कंडक्टरलाही मास्तरच म्हणतात. तीस वर्षं गंगापूर, बिडकीन, पैठण करून ते रिटायर झाले, पण लाल गाडीतून काही उतरले नाहीत. तिकिटाला भोक पाडायचा चिमटा अजून खिशात असतो आणि बोलताना कटकट वाजतो. सत्यनारायणाचं तीर्थ घेऊन कुणी रेंगाळलं, की हे मागून म्हणणार, "पुढं सरका, मधी उभं राहू नका."

औरंगपुऱ्याच्या मागे, नाल्याकाठी आमची गल्ली. गेल्या महिन्यात नाला थेट गल्लीत आला. गच्ची असलेलं घर एकच, मास्तरांचं. सगळे जीव मुठीत धरून वर पळालो. कोण कुणाच्या पायावर उभं आहे, पत्ता नव्हता. माझ्या सासूबाई लोणच्याच्या दोन बरण्या कवटाळून भलत्याच बाईच्या मांडीवर बसल्या होत्या आणि हे त्यांना तासाभराने कळलं. मास्तरांना पुराचं काही वाटलं नाही, गोंधळ मात्र सहन झाला नाही. पाणी ओसरल्याबरोबर ते रंगाचा डबा घेऊन आले.

या आठवड्यात मोबाइलवर आलं, की बंगालच्या उपसागरातलं वादळ इकडे सरकतंय, पुन्हा मुसळधार होणार, नाल्याकाठच्यांनी सावध राहावं. आम्ही दाराला वाळूची पोती लावली, गाद्या माळ्यावर टाकल्या. मास्तरांनी जिन्याच्या दारावर चार्ट चिकटवला. मग घरोघर जाऊन नंबर घातलेल्या चिठ्ठ्या वाटल्या, प्रत्येक चिठ्ठीला चिमट्याने भोक पाडून. सासूबाईंना सांगितलं, बरण्यांना सीट नाही, लगेज टाकीवर ठेवायचं. सासूबाई दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. चिठ्ठी मात्र त्यांनी पदराच्या गाठीला बांधून ठेवली.

माझा राग होता तो एक नंबरवर. गुडघाभर पाण्यातून आमदार येणार, जिना चढणार आणि आमच्यात मांडी घालून बसणार, हे काही माझ्या डोक्यात शिरेना. एकदा मी तिथं खडूने पुढे लिहिलं, 'व त्यांचं मांजर'. मास्तरांनी ते ओल्या फडक्याने पुसून काढलं.

"नियम हाय, सूनबाई," ते म्हणाले. "वाटंत त्यांनी हात केला तर बसवायचं कुठं?"

तिसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला वारा सुटला. पत्रे थडथडायला लागले आणि बघता बघता नाला कठड्यावरून आत आला. यावेळी आम्ही रांगेने वर गेलो. मनातून सगळे मास्तरांना हसत होते, पण खरं सांगते, कुणाचा पाय कुणाच्या पायावर पडला नाही. मास्तर दारात उभे राहून चिठ्ठ्या तपासत होते. एक आमदारांची आणि एक स्वतःची सीट सोडून वीस जागा, वीस माणसं. चार्ट जुळला. दारावर टांगलेल्या घंटेच्या दोरीला त्यांनी हात घातला. डबल बेल दिली की दार बंद.

तेवढ्यात सासूबाई अबोला विसरून म्हणाल्या, "खैरून कुठंय?"

खैरूनआपा गल्लीच्या टोकाला, नाल्याला लागून एकट्या राहतात, गोधड्या शिवतात. मागच्या पुरात त्या वर आल्याच नव्हत्या. पाणी बाजेला टेकलं तरी बाजेवर बसून राहिल्या होत्या. आणि मास्तरांनी चार्ट केला तो मागच्या वेळी वर आलेल्यांवरून. चढला तो प्रवासी, हा तीस वर्षांचा हिशेब. जो चढलाच नाही त्याची नोंद कंडक्टरकडे कशी असणार?

मास्तरांचा चिमटा थांबला. ते तसेच खाली निघाले. मी छत्री घेऊन मागोमाग गेले, ती गल्लीत पाय ठेवताच उलटी झाली. पाणी गुडघ्याला लागत होतं. आपा दार उघडं टाकून बाजेवर पाय वर घेऊन बसल्या होत्या. मी चला म्हणाले, हात धरला. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"समद्या गल्लीला तिकीट दिलं, मास्तर," त्या म्हणाल्या. "माझ्या दारावरून तसेच गेले तुम्ही. बिनतिकीट मी न्हाय चढत."

मास्तरांनी खिशातून एक ओलसर चिठ्ठी काढली, नंबर टाकला, चिमट्याने भोक पाडलं आणि दोन्ही हातांनी पुढे केली.

"चुकी माझी हाय, आपा. चला, गाडी थांबवून आलोय."

दोघांनी मिळून त्यांना आणलं. वर आल्यावर मास्तरांनी त्यांना एक नंबरवर बसवलं. सगळी गल्ली खुसुखुसु हसायला लागली. मी तरी गप्प कशी बसणार? विचारलं, आता आमदारांनी हात केला तर?

"आमदार कुणाला पायजे, सूनबाई," ते पावसाकडे बघत म्हणाले.

मग हळूहळू त्यांनी सांगितलं. कौसल्याकाकू, म्हणजे त्यांची बायको, चार वर्षांपूर्वी गेल्या. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्या माहेरहून येताना गंगापूरला यांच्याच गाडीत चढल्या. गाडी फुल होती. रिकामी होती ती फक्त आमदारांची सीट. घरच्या माणसाला तिथं बसवलं तर लोक काय म्हणतील, म्हणून यांनी बसू दिलं नाही.

"अंगात ताप होता तिच्या," मास्तर म्हणाले. "उभी आली इथपर्यंत. एक शब्द बोलली न्हाय. फकस्त परत माझ्या गाडीत कधी चढली न्हाय."

मला माझं ते मांजर आठवलं. जिना उतरून पुन्हा पाण्यात जाऊन उभं राहावं, इतकी लाज वाटली.

खैरूनआपांनी ओढणीचं टोक पिळलं आणि त्या चौकोनाच्या अगदी कडेला सरकल्या.

"कौसल्या बारीक व्हती, मास्तर. दोघी बसतो आम्ही."

मास्तरांनी आमच्याकडे पाठ फिरवली. घंटेची दोरी बराच वेळ नुसतीच हातात होती. मग त्यांनी डबल बेल दिली आणि दार लावून घेतलं.

संध्याकाळी पाणी उतरलं. तोवर मास्तर दाराशी उभेच होते. एक नंबरच्या त्या अर्ध्या जागेत कुणी बसलं नाही. सासूबाईंनी तिथं बरणीसुद्धा ठेवली नाही.