शून्याला हात न लावणारे भाऊजी

माझं अक्षर गिचमिड आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भरवसा नाही. चौथीनंतर शाळा सुटली, तेवढं सांभाळून घ्या.

आमच्या धाकट्या भाऊजींना भाकरी नको असली तर ते "नको" म्हणत नसत. नुसते गप्प बसत. सासूबाई चारदा विचारायच्या, "किती वाढू रं?" शेवटी मीच टोपलं उचलायची.

"उत्तर शून्य असलं की बोलायचं न्हाय, वहिनी. शून्याला हात लावण्यात जन्म जातो."

ते पुण्याच्या कॉलेजात कॉम्प्युटरवर काम करायचे. एकटेच राहायचे. सांगण्यासारखं काही नसलं की पत्र नाही, त्यामुळं पत्र कधीच नाही. सासूबाई पोस्टमनला बघून उगीच अंगणात यायच्या.

दुष्काळाच्या साली ते गावी, तेरला आले आणि नदीकाठच्या दोनशे विहिरींचा तक्ता मांडला. कागदावर चौकटीची दोनशे घरं आडवी, दोनशे उभी. कुठल्या विहिरीचं पाणी कुठल्या विहिरीकडं झिरपतं, ते घरात लिहायचं. एकेकीचा संबंध शेजारच्या चार-पाचींशीच, बाकी सगळी घरं शून्य. गावच्या सोसायटीला एकच सामाईक विहीर पाडायची होती, तिची जागा या तक्त्यावरून ठरणार होती.

पुण्याच्या मोठ्या कॉम्प्युटरनं शून्यंसुद्धा गुणत बसून उत्तर दिलं. सोलापूरच्या छोट्यात तक्ता मावेचना. मग भाऊजींनी फक्त भरलेल्या घरांची यादी केली. छोट्यानं ती झटक्यात उरकली. मोठ्याचा वेग मात्र यादीनं म्हणावा तसा वाढेना.

"त्याला नांगराच्या सरळ तासानं पळायची सवय," भाऊजी म्हणाले. "उड्या मारायला लावल्या की ठेचकाळतंय."

पण उत्तरं जुळेनात. तक्ता म्हणे ओढ्याकाठी खणा, यादी म्हणे माळावर. सोसायटीची बैठक चार दिवसांवर आली. भाऊजींचं जेवण सुटलं.

मी यादी घेऊन बसले, डाळ निवडावी तशी. पांदीच्या वाटेकडची विहीर त्यात कुठंच नव्हती.

"ही का गाळली, भाऊजी?"

"कोरडी हाय ती. शून्य."

"कोरडी असंना. शेजारणीचं पाणी तिच्याकडनंच झिरपत येतंय की."

ते लई वेळ गप्प बसले. मला वाटलं, उत्तर शून्य असेल. मग उठले, गाळलेल्या सगळ्या कोरड्या विहिरी यादीत घातल्या आणि सोलापूरची गाडी धरली. या वेळी दोन्ही उत्तरं जुळली. ओढ्याकाठी खणलं, पाणी लागलं.

भाऊजी पुण्याला गेले. महिन्याभरात सासूबाईंच्या नावानं कार्ड आलं. एकच ओळ होती: "आई, इकडं विशेष काही नाही."

सासूबाईंनी ते मला चारदा वाचायला लावलं.