नाल्यापलीकडचा नारळ

नथ्थूभाऊंनी मनात आणलं तर ते हत्तीलाही झाडावर चढवतील, असं गावात म्हणत. नथ्थूभाऊंना हे चांगलं माहीत होतं, कारण गावाला ते पहिल्यांदा त्यांनीच सांगितलं होतं!

"लढाईत मी ब्रह्मदेशाच्या वाटेवर पूल बांधले," ते मिशीला पीळ देत म्हणाले. "हा नाला मले अडवते काय?"

नाला मात्र अडवून बसला होता. वरच्या जंगलात पाऊस कोसळला आणि नेमका चंदाच्या साक्षगंधाच्या सकाळी पूर आला. अलीकडे मुलीचे वडील नथ्थूभाऊ. पलीकडे मुलाचे वडील मुखरूभाऊ, नवरदेव लच्छू, पाहुणे आणि ढोलवाला. मधे म्हशीच्या रंगाचं उसळतं पाणी!

"नथ्थूभाऊ!" मुखरूभाऊ पलीकडून ओरडले. "आज सोयरिकीचा नारळ हाती नाई पडला त आमी वापस! उद्या सिंदेवाहीचे लोक पोरगा पाहाले येऊन राह्यले!"

चंदाचा चेहरा पडला. लच्छू तिला मनापासून आवडला होता.

"माणसं येत नाईत, त नारळ जाईन!" नथ्थूभाऊ गरजले, आणि घरात घुसून बायकोची ढेकी उपसू लागले.

"अवो, धान कांडाचं हाय अजून!" सुगंधाबाई आडव्या आल्या. "पाहुण्यायले काय खाऊ घालू?"

"पाहुणेच पलीकडं राह्यले, त भात कोणाले?"

तर्क बिनतोड होता. ढेकी गेली.

आणि खरोखर, त्या माणसाची करामत पाहण्यासारखी होती! ढेकी म्हणजे धान कांडायचा, टेकूवर झुलणारा लाकडी दांडा. पाय द्यायचं टोक आखूड, मुसळाचं लांब. नथ्थूभाऊंनी बेचक्याचे दोन सागवानी खांब रोवून दांडा उंच चढवला. मुसळ काढून तिथं गोफण बांधली. पाय द्यायच्या टोकाला घरचं जातं लटकवलं. जातं कोसळणार, दांडा उसळणार, गोफण गरकन फिरणार! दारू नाही, तोफ नाही. निव्वळ तोल!

नारळ एकच होता. म्हणून चाचणीला पंगतीच्या भाजीचं कोहळं आलं.

"सोडा!"

कोहळं सरळ आभाळात गेलं. सगळं गाव माना वर करून कौतुकानं पाहत राहिलं. मग एकदम ध्यानात आलं की ते परतही येणार! जो तो वाट फुटेल तिकडे पळाला.

"दोरी लवकर सुटली," नथ्थूभाऊ मिशीतल्या बिया झटकत म्हणाले. त्यांनी गोफणीची खुंटी वाकवली. ती उलट्या बाजूला वाकली. दुसरं कोहळं मागच्या मागे जाऊन त्यांच्याच घराच्या कवेलूंच्या छपरावर आदळलं. आतून सुगंधाबाई जे बोलल्या, ते लिहिण्याजोगं नाही.

"आता नेम समजला! आणा नारळ!"

"बाबा, त्यायच्या डोक्यावर नका टाकजा!" चंदा कळवळली.

"कोणाच्या?"

चंदा लाजून आईमागे गेली.

जातं कोसळलं. नारळ सूं करत निघाला, आणि काय ती कमान! इंद्रधनुष्यानं धडा घ्यावा अशी! पलीकडची मंडळी पटापट आडवी झाली. एकटा ढोलवाला, ढोल पुढे धरून, डोळे मिटून उभा राहिला.

धडाम्!

"हाती नाई, ढोलात पडला!" मुखरूभाऊ ओरडले. क्षणभर विचार करून म्हणाले, "चालते! सोयरीक पक्की!"

गावानं टोप्या उडवल्या. नथ्थूभाऊंचे डोळे भरून आले. नाल्याकडे पाठ करून ते सांगू लागले, "आता नवरीचं लुगडं इकडं आणाले आपण असं करू..." तेवढ्यात कोणीतरी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

लच्छू! गुडघ्यापर्यंत भिजलेला, हातात नारळ.

"मामाजी, हा तुमचा नारळ. ढोलात अडकला होता."

"तू... आला कसा?"

"चालत. पाणी कधीचं उतरलं. पण आमी म्हटलं, अगोदर यंत्र पाहून घेऊ!"

मागोमाग सगळे पाहुणे नाला ओलांडून आले. मुखरूभाऊंनी यंत्राभोवती चक्कर मारली, खांबाला हात लावून नमस्कार केला आणि विचारलं, "मंग, जेवण?"

कोहळी फुटलेली. धान तसंच. सुगंधाबाईंनी फक्त यंत्राकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

पंगत उशिरा बसली, पण पोटभर भात झाला. तोच टेकू, तोच दांडा, मुसळही परत जागेवर. फक्त जात्याच्या जागी, दर ठोक्याला खालीवर होत, नथ्थूभाऊ होते!