गोल खुणेचे चार टायर

"टायर दाखवा, चालवणारा कसा आहे ते सांगतो. माणूस बघायची गरजच नाही!"

मेस्त्री हे चाळीस वर्षं सांगत आले होते आणि पंचाईत अशी, की चाळीस वर्षांत एकदाही चुकले नव्हते. शर्यतीची गाडी फेऱ्या मारून आली की ते उतरवलेल्या टायरांवरून तळहात फिरवायचे, वैद्य नाडी बघतो तसे डोळे मिटून बसायचे आणि निकाल द्यायचे. "याचा पाय जड आहे." "हा वळणाला घाबरतो आणि सरळ रस्त्यावर त्याचा राग काढतो." "हा चांगला आहे, पण सध्या प्रेमात पडलाय. दोन महिने थांबा." आणि दोन महिन्यांनी पोरगा खरंच ताळ्यावर यायचा!

संघाच्या मालकीणबाई हे फ्रॉक घालायच्या वयापासून बघत आल्या होत्या. त्यांचे वडील, थोरले मालक, स्वतः शर्यतीत उतरायचे. तेव्हा ट्रॅक कसला? सोडून दिलेल्या विमानतळाची धावपट्टी, वळणावर रिकामी पिंपं, आणि जळक्या तेलाचा असा वास, की मेस्त्रींना तो वास आजही कुठे आला की भूक लागते. मालक गाडीतून उतरले की हेल्मेट आधी मेस्त्रींच्या हातात द्यायचे आणि विचारायचे, "काय म्हणतात टायर?" त्यांनीच रीत घालून दिली होती. नवा चालक घ्यायचा तर शेवटचा शब्द मेस्त्रींचा, आणि मेस्त्रींना चालकाचं नाव कळू द्यायचं नाही. टायरांवर फक्त खडूची खूण. एकाला फुली, एकाला गोल. कुठली खूण कुणाची, ते बंद चिठ्ठीत मालकांच्या खिशात; आता ती चिठ्ठी बाईंकडं असायची.

यंदा संघात जागा एकच होती आणि उमेदवार दोन. एक दातांच्या डॉक्टरांचा मुलगा, आणि दुसरी मेस्त्रींची सख्खी नात! टायरांच्या चळती धरून धरून चालायला शिकलेली पोर. वयाच्या अटीत बसायचं तिचं हे शेवटचं वर्ष. आता नाही तर कधीच नाही. संघात आता लॅपटॉप घेऊन बसणारा एक इंजिनियर होता, पण त्याच्या आकड्यांत दोघं पापणी लवण्याइतकीसुद्धा पुढंमागं नव्हती.

बाई म्हणाल्या, "मेस्त्रीकाका, नात आहे तुमची यात. जड जाणार नाही ना?"

"बाई," मेस्त्री छाती काढून म्हणाले, "टायराला नातं नसतं!"

आता मेस्त्रींची एक जुनी जखम सांगायला हवी. चाळीस वर्षांत त्यांनी गाडी ढकलली, धुतली, खोलली, जोडली, पण शर्यतीच्या गाडीत बसून एक फेरी म्हणून मारली नव्हती. थोरले मालक म्हणायचे, "पुढच्या रविवारी तू मार रे एक फेरी!" असे किती रविवार गेले, आणि मग मालकच गेले. पण घरी रोज जेवताना मेस्त्री म्हणायचेच, "मला बसवलं असतं ना, तर दाखवलं असतं!" बायकोनं या वाक्याला आधी उत्तर देणं सोडलं, मग ऐकणंही सोडलं.

चाचणी रविवारी होती. शनिवारी दुपारी सगळी मंडळी जेवायला गेली. ब्रेक तपासायला म्हणून गाडीची किल्ली मेस्त्रींच्या हातात. फुलीचे चार आणि गोलाचे चार असे नवे टायर खुणा करून तयार. ट्रॅक मोकळा. आभाळ स्वच्छ. मेस्त्रींनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, गोल खुणेचे टायर गाडीला चढवले, आणि वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, गुडघ्याला दोन्ही हातांनी उचलून आत ठेवत, गाडीत बसले!

सहा फेऱ्या! काय सांगावं! वारा, इंजिनचा आवाज, आणि शेजारी बसून मालक हसतायत असा भास. पाण्याच्या टाकीच्या वळणावर गाडी जरा, अगदी जराशीच, गवतात गेली आणि कडेचा पांढरा खांब आडवा झाला. मेस्त्रींनी उतरून तो उभा केला, बुडाशी तार गुंडाळली आणि शीळ घालत परत आले. झिजलेले चार टायर शेडच्या मागल्या दाराबाहेर ताडपत्रीखाली सरकवले, भांडारातून नवे चार काढून त्यांवर गोल खुणा केल्या. सगळं ठाकठीक! फक्त जुन्या टायरांवरचा खडू पुसायचा राहून गेला.

रविवारी दोघांनी त्याच गाडीत, एकापाठोपाठ, आपापल्या दहा फेऱ्या मारल्या. मेस्त्री रीतीप्रमाणे शेडमध्ये दार लावून बसले होते. टायर आणायचं काम फिटरकडं होतं. हा फिटर हाताला हुशार, पण कुठलंही काम सांगा, आधी "नंतर" म्हणायचा, म्हणून त्याचं नावच नंतरबुवा पडलेलं.

फुलीचे टायर आले. मेस्त्रींनी हात फिरवला. "हात सफाईचा आहे. सगळा भार एका कुशीवर देतो, पण शिकेल. चालेल."

मग गोलाचे आले. शेडमध्ये आता बाई, इंजिनियर, डॉक्टर, त्यांचा मुलगा, नात, सगळे दाटीवाटीनं उभे. मेस्त्रींनी हात ठेवला आणि कपाळाला आठ्या पडल्या.

"गार? आत्ता फेऱ्या मारून आले आणि गार? अहो, याला टायर तापवतासुद्धा आले नाहीत! शर्यतीत होता की सांत्वनाला निघाला होता?"

कुणीतरी खुदकन हसलं. मेस्त्रींना चेव आला.

"हे बघा, इथं टायर सपाट घासलाय. ब्रेकवर असा उभा राहिलाय, जसा काही पायाखाली साप आला! आणि इथं तर वळण संपल्यावर वळलाय. गाडी पुढं, चालक मागं! बाई, चाळीस वर्षांत असा टायर पाहिला नाही मी. या माणसाला गाडी नको, हातगाडीही नको. भाजी आणायला पाठवायचं तर चालत पाठवा!"

"काका, जरा जपून…" बाई पुटपुटल्या.

"जपायचं काय त्यात? आणि हे गवत! टाकीच्या वळणावर हा गवतात गेलाय!"

इंजिनियर म्हणाला, "मेस्त्री, आज कुणीच गवतात गेलं नाही. माझ्याकडं दिसलं असतं."

"तुझा लॅपटॉप खोटं बोलतो! टायर नाही बोलत! चला, दाखवतो!"

सगळी वरात टाकीच्या वळणाकडं निघाली. मेस्त्री पुढं, नवरदेवासारखे. आणि तिथं खरोखर गवतात चाकांचे दोन लांबलचक ओरखडे!

"काय म्हणालो होतो!"

डॉक्टरांनी हात जोडले. "चमत्कार आहे हो!" इंजिनियरनं लॅपटॉप मिटला. मेस्त्रींची कीर्ती आयुष्यात पहिल्यांदाच इतकी उंच गेली होती. तेवढ्यात त्यांची नजर पांढऱ्या खांबाकडं गेली. खांबाच्या बुडाशी तार गुंडाळलेली. कालची. त्यांच्याच हातची!

मेस्त्रींनी एक पाऊल सरकून ती तार पायाआड केली.

बाईंनी चिठ्ठी उघडली आणि जड आवाजात म्हणाल्या, "गोल खूण… काका, गोल खूण तुमच्या नातीची होती."

मेस्त्रींना वाटलं, आता पोर भांडेल, आदळआपट करेल, म्हणेल मी नव्हते गेले गवतात. पण तिनं वाकून ओरखड्यांवरून बोट फिरवलं. मग हातमोजे काढत हळूच म्हणाली, "मला कळलंसुद्धा नाही, आजोबा. पण टायर म्हणतोय, म्हणजे गेलेच असेन. तुम्ही कधी चुकला नाहीत. राहू दे. मी सोडते."

मेस्त्रींनी एकदा खांबाकडं पाहिलं, एकदा नातीच्या हातमोज्यांकडं. फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसले असते तर कीर्ती राहिली असती.

"मी गेलो," ते म्हणाले.

"कुठं?" बाईंनी विचारलं.

"गवतात."

"आत्ता? कशाला?"

"आत्ता नाही हो! काल! गाडी घेऊन! ते टायर माझे आहेत, बाई! तो सापावर उभा राहणारा मी! भाजी आणायला चालत पाठवायचा तो मी!"

मग बाई नंतरबुवाकडं वळल्या. "आणि आजचे गोल खुणेचे टायर कुठायत?"

"गाडीलाच आहेत की," नंतरबुवा डोकं खाजवत म्हणाला. "नंतर काढणार होतो. पण ताडपत्री घ्यायला मागल्या दाराशी गेलो, तर खाली गोल खुणेचे चार तयार! म्हटलं, कुणीतरी काढून ठेवलेत."

वरात परत शेडकडं आली आणि गाडीचे टायर निघाले. अजून चांगलेच ऊन होते. मेस्त्रींनी हात ठेवला आणि कितीतरी वेळ उचललाच नाही. बोटांना ती झीज ओळखीची होती. पिंपांच्या वळणावरून मालक बाहेर पडायचे तेव्हाचे टायर असेच लागायचे, साय आलेल्या दुधासारखे एकसारखे.

"काय म्हणतात टायर?" बाईंनी विचारलं. आवाज थेट वडिलांचा.

"मी नाही सांगणार," मेस्त्री म्हणाले. "आज माझ्या शब्दाला किंमत नाही. दुसऱ्या कुणालातरी विचारा."

तोवर दातांचे डॉक्टर खाली बसले होते. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी आधी मुलाच्या टायरांवर बोट फिरवलं, मग या टायरांवर. "मला गाडीतलं कळत नाही," ते म्हणाले, "पण तीस वर्षं झीजच बघतोय मी. आमचे चिरंजीव एकाच दाढेनं चावतात. या मुलीची झीज सगळीकडं सारखी आहे. बाई, जागा तिची."

"बाबा!" मुलगा ओरडला.

"अरे, खोटं सांगू का? तू शिकशील. मेस्त्रींनीच सांगितलंय. तुझे टायर तरी त्यांनी बरोबर वाचलेत!"

नातीनं हातमोजे परत चढवले आणि आजोबांना अशी मिठी मारली, की त्यांची टोपी तेलाच्या डब्यात पडली. बाईंनी चाचणीच्या वहीत लिहून घेतलं. मेस्त्रींनी खांद्यावरून डोकावून पाहिलं, तर तिथं तिसऱ्या उमेदवाराचीही ओळ होती, शेरा त्यांच्याच शब्दांत. वय मात्र बाईंनी दयाबुद्धीनं कोरं सोडलं होतं.

संध्याकाळी घरी जाताना गाडी नात चालवत होती. मेस्त्रींनी किल्ली मागितली नाही आणि तिनंही विचारलं नाही. ते खिडकीची काच खाली करून वारा खात बसले. मग म्हणाले, "पण त्या सहा फेऱ्या मात्र झकास होत्या हो!"

"होत्याच," नात म्हणाली.

समोर वळण आलं आणि मेस्त्रींचा पाय आपोआप खाली दाबला गेला.

"आजोबा, तुमच्या बाजूला ब्रेक नाहीये."

"ठाऊक आहे मला!"

"आणि असता," ती वळण घेता घेता हसून म्हणाली, "तरी फार लवकर दाबलात!"