मीठ चवीनुसार

माणसाची प्रकृती ही त्याची खासगी बाब नसून घरातल्या सर्वांची सामाईक मालमत्ता असते. आमच्या भाऊजींना हे दवाखान्यातून परतल्यावर कळलं. जिना चढताना त्यांच्या छातीत कळ आली होती. (भाऊजी लिफ्ट तपासनीस आहेत. त्या इमारतीची लिफ्ट त्यांनीच सकाळी नापास केली होती.) डॉक्टरांनी तळलेलं बंद करायला सांगितलं. ताईने त्याच संध्याकाळी शेव, फरसाण आणि कढई या तिघांना घराबाहेर काढलं. कढईवर थेट आरोप नव्हता, पण चौकशी चालू असताना तिला कामावर ठेवणं बरं दिसलं नसतं.

भाऊजींना चहाबरोबर काहीतरी चुरचुरीत लागतं. पण ते अधिकारी असल्यामुळे त्यांनी कुरकुर केली नाही, तोडगा काढला. मोबाईलवर एक बाई हसत हसत दहा मिनिटांत पौष्टिक, चटपटीत चिवडा करून दाखवत होत्या. रविवारी भाऊजींनी ही योजना स्वयंपाकघरात राबवली.

इथे 'दहा मिनिटे' या संज्ञेचा खुलासा करणं आवश्यक आहे. मुरमुरे चाळणे, दाणे भाजून सोलणे, कढीपत्ता धुऊन पुसणे, डाळं कुठल्या डब्यात आहे हे ताईला विचारणे, तिने सांगितलेल्या डब्यात साबण सापडणे, या बाबी त्यात धरलेल्या नसतात. त्यामुळे चहाच्या वेळेचा चिवडा जेवणाच्या वेळेला तयार झाला. जेवणाचा प्रश्न परस्पर सुटला, हा त्यातला अतिरिक्त लाभ.

चिवडा खाताना आवाज येत होता. तो खाद्यपदार्थ असल्याचा एवढा एकच पुरावा उपलब्ध होता. पण भाऊजी सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होते, आणि त्या कळेनंतर ते पहिल्यांदाच इतके उत्साहात दिसत होते. ताई म्हणाली, छान झालाय, हलका आहे. भाचीने एका घासात पोट भरल्याचं जाहीर केलं. मी कृती मागितली. (एखाद्या पदार्थाचा विषय संपवण्याचा हा सर्वात सभ्य मार्ग आहे.)

विषय संपला नाही. एवढं कौतुक झाल्यावर चिवडा रोज होऊ लागला. भाचीची अभ्यासाची आवड अचानक वाढली आणि ती संध्याकाळभर मैत्रिणीकडे बसू लागली. ताई शेजारणीकडे विरजण मागायला जाई आणि ओठांना लागलेलं तिखट पुशीत परत येई. घरातलं जवळजवळ ऐंशी टक्के खाणं घराबाहेर होऊ लागलं. घर मात्र पौष्टिक राहिलं.

एकदा गॅलरीत भाऊजी मला हळूच म्हणाले, "तुला म्हणून सांगतो, मला तो चिवडा घशाखाली उतरत नाही. पण तुझी ताई इतक्या आवडीने खाते, बंद कसा करू?"

थोड्याच वेळापूर्वी स्वयंपाकघरात ताईने डोळे पुसत मला हेच सांगितलं होतं, फक्त तिच्या वाक्यात आवडीने खाणारे भाऊजी होते. दोन्ही पक्षांचा विश्वास मिळवलेल्या माणसाने गप्प बसावं, याला समजूतदारपणा म्हणतात.

पुढच्या तपासणीला आम्ही तिघं गेलो. भाऊजींचा अहवाल उत्तम आला. कृतज्ञता म्हणून त्यांनी डॉक्टरांपुढे चिवड्याचा डबा उघडला. डॉक्टरांचं आमच्याशी काही नातं नव्हतं, त्यामुळे त्यांना खरं बोलणं परवडलं.

"यात मीठ नाही का?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच बंद केलंत ना?" ताई म्हणाली.

"मी तळलेलं बंद केलं. मीठ बेताने खा म्हटलं होतं."

आम्ही भाऊजींकडे बघितलं. त्यांनी घसा खाकरून भूमिका स्पष्ट केली. कृतीत प्रत्येक जिन्नसाचं माप होतं. मिठापुढे मात्र 'चवीनुसार' एवढंच होतं. ज्या कलमात आकडा नाही ते कलम बंधनकारक नाही, असं त्यांच्या खात्यात मानतात. शिवाय कोणी हरकतही नोंदवली नव्हती.

ताई हसायला लागली. आधी पदराआड, मग भाऊजींची बाही धरून, मोठ्याने. बाहेरच्या बाकावरचे पेशंट आत डोकावून गेले. भाऊजी थोडा वेळ गंभीर राहिले आणि मग तेही हसले. कित्येक आठवड्यांनी ते दोघं एकाच गोष्टीला हसत होते, आणि मला तिथे उगाच अवघडल्यासारखं झालं.

त्या संध्याकाळी चिवड्यात बेताचं मीठ पडलं, चमचाभर तेलाची फोडणी पडली, वर लिंबू पिळलं. ताटली भाऊजींपर्यंत पोचेतो रिकामी झाली. त्यांनी रागाने आणखी मागितला, आणि ताईला तो राग फार आवडला.

हा चिवडा खरोखर झटपट होतो, पचायला हलका आहे आणि कोणालाही जमेल. मुरमुरे किती, दाणे किती, आच केवढी, यांतलं मी तुम्हाला काहीच सांगितलेलं नाही. तुम्हीही इथपर्यंत वाचत आलात, पण त्यावाचून तुमचं कुठे अडलं नाही. म्हणजे तुम्हालाही तो करायचा नव्हताच. तुम्हाला फक्त 'छान झालाय' म्हणायचं होतं.