सात शुद्धिपत्रकं आणि एक बॉयलर

मार्लिस टॉलेफसनच्या सहीने बाहेर पडलेल्या कागदात सत्तावीस वर्षांत एकही अनेकवचन चुकलेलं नव्हतं. अमेरिकेच्या थंडगार उत्तरेतल्या डुलुथ शहरातल्या त्या सरकारी इमारतीत तिन्ही मजल्यांना हे ठाऊक होतं, कारण तिन्ही मजल्यांना ते तिनेच सांगितलं होतं.

ती खरेदी अधिकारी. त्या वर्षीची निविदा मात्र साऱ्या इमारतीच्या जिवाची होती. तळघरातल्या बॉयलरने मार्चमध्ये मान टाकली होती. उरलेला हिवाळा लोकांनी कोटात काढला. तिची मदतनीस रोन्डा माकी हातमोजे घालून टाइप करायची आणि एका अक्षराऐवजी तीन उमटायची. नव्या बॉयलरचे पैसे मंजूर होते, पण तीस सप्टेंबरला सरकारी वर्ष संपतं आणि न वापरलेले पैसे परत जातात. तोवर करार झाला नाही, तर पुढचा हिवाळाही कोटातच.

मार्लिस रजेवर असताना रोन्डाने निविदा काढली. मार्लिस परतली, पहिलं पान वाचलं आणि कॉफी खाली ठेवली.

"रोन्डा, हे 'स्टेटमेंट ऑफ वर्क्स' काय आहे?"

"कामाचं वर्णन. दोन आहेत ना? एक जुना बॉयलर काढायचा, एक नवा बसवायचा."

"दोन आहेत ते कागद. म्हणून अनेकवचनाचं शेपूट कागदाला लागेल, कामाला नाही. स्टेटमेंट्स ऑफ वर्क."

"बॉयलरवाल्यांना कळलंय ते."

"चोरालाही घराचा रस्ता कळतो. म्हणून दार उघडं ठेवायचं?"

निघालं शुद्धिपत्रक क्रमांक एक. आता सरकारी शुद्धिपत्रक म्हणजे काही चुकलेलं खोडणं नव्हे. ते प्रत्येक निविदाधारकाला जातं, त्याने त्यावर सही करून निविदेसोबत जोडायचं असतं, आणि त्याला वेळ मिळावा म्हणून लखोटे उघडायची तारीख पुढे जाते. सही नसेल तर निविदा बाद.

पहिल्याचा मसुदा तपासताना मार्लिसला विमा-प्रमाणपत्रांचं चुकलेलं अनेकवचन सापडलं. दुसरं निघालं. मग काम सुरू करण्याच्या आदेशांचं. तिसरं. घरात एक झुरळ दिसल्यावर माणूस जसा सगळी कपाटं ओढून काढतो, तशी ती निविदेची पानं ओढत गेली.

चौथ्याच्या वेळी विभागप्रमुख वेंडेल हॉगन लिंबाच्या वड्यांची थाळी घेऊन आला. त्या भागात माणूस चिडला की काहीतरी भाजून आणतो.

"मार्लिस, वडी घे. अजून किती उरलीत?"

"वड्या?"

"शुद्धिपत्रकं."

"तीन. पण यानंतर ही निविदा अशी होईल की देशात कुणी बोट दाखवणार नाही."

"बोटं थंडीने गळाली नाहीत, तर," वेंडेल म्हणाला आणि थाळी ठेवून गेला.

एकोणतीस सप्टेंबरला लखोटे उघडले. तीन निविदा आल्या होत्या. पहिलीत चार शुद्धिपत्रकांवर सह्या, दुसरीत पाचांवर. सर्वांत कमी दराची निविदा आर्व्हिड निएमी या म्हाताऱ्या बॉयलरवाल्याची. तिच्यात दोनच. तो समोरच बसला होता.

"बाकीची पाच कुठायत?" मार्लिसने विचारलं.

"बाई, तिसरं वाचलं. बॉयलरचा त्यात शब्द नव्हता. चौथंही वाचलं. मग बायको म्हणाली, चुकून आपल्याकडे येतायत, शेजारच्या मास्तरणीला देऊन टाक."

"दिली?"

"तिला फार आवडली."

तिन्ही निविदा बाद होत्या. मार्लिसने शिकागोतल्या सरकारी वकील लेनोरा स्टब्सना फोन लावला.

"एक वाट आहे," लेनोरा म्हणाल्या. "सही न झालेली शुद्धिपत्रकं केवळ औपचारिक स्वरूपाची होती, किंमत, संख्या, दर्जा, मुदत यांवर त्यांचा परिणाम शून्य किंवा नगण्य होता, असं अधिकाऱ्याने लेखी दिलं, तर निविदा ग्राह्य धरता येते."

"कुठला अधिकारी?"

"तूच."

मार्लिसने पेनाचं टोपण काढलं. "'नगण्य'ऐवजी 'मर्यादित' चालेल?"

"नाही."

"'वरवर पाहता नगण्य'?"

"मार्लिस, उद्या तीस तारीख आहे."

तिने मागे पाहिलं. दारात वेंडेल उभा होता, आणि त्याच्यामागे रोन्डा. रोन्डाने हातमोजे आधीच घातले होते. मार्लिसने कागद ओढला. पाच शुद्धिपत्रकांसाठी पाच परिच्छेद लिहिले, प्रत्येकात आपलीच दुरुस्ती निरर्थक ठरवली, आणि तेही असं मुद्देसूद की विरोधी वकिलालाही पुढे बोलायला काही राहू नये. मग सही केली. निएमीचा करार दुसऱ्या दिवशी दुपारी झाला.

नोव्हेंबरात बॉयलर सुरू झाला. रेडिएटर ठणठण वाजू लागले, इमारतभर कोट उतरले. त्याच आठवड्यात लेनोरांचा फोन आला.

"तुझं ते निवेदन आम्ही सगळ्या राज्यांतल्या कचेऱ्यांना नमुना म्हणून पाठवतोय. अनेकवचनं सुधारणं नगण्य असतं, हे इतक्या ठामपणे आजवर कुणी लिहिलं नव्हतं."

मार्लिसच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. समोर रोन्डा फाइलआड तोंड लपवून हसत होती.

"नमुन्यावर तुझं नाव नको असेल तर काढते," लेनोरा म्हणाल्या.

"कशाला?" मार्लिस खुर्चीत ताठ बसली. "पूर्ण नाव राहू दे. आणि खाली हुद्दा."