फुमिएबाईंच्या वहीची तपासणी

मानवी प्रगतीचा पाया यादी हा आहे. ज्या समाजाला यादी करता येत नाही, तो समाज कामं करत बसतो आणि मागे पडतो. ओदावारातल्या आमच्या गल्ली मंडळावर ही वेळ येऊ नये, म्हणून गेल्या एप्रिलमध्ये मंडळाच्या सभागृहात 'अल्प खर्चात बुलेट जर्नल: प्राथमिक परिचय' हा वर्ग सुरू करण्यात आला. चौदा जण हजर होते. त्यातला एकमेव पुरुष मी, आणि तोही मंडळाचा सचिव असल्यामुळे. (सरासरी वय त्रेसष्ट. मला वगळल्यास बासष्ट.)

शिकवायला मिनेगिशीबाई होत्या. छत्तीस वर्षं ग्रंथालयात काढल्यामुळे त्यांचा आवाज कुजबुजीच्या वर जात नाही, पण समोरच्याची मान आपोआप खाली जाते. पद्धत सोपी आहे. ठिपक्यांची वही घ्यायची. प्रत्येक कामापुढे एक टिंब. काम झालं की टिंबावर फुली. नाही झालं, तर टिंबाचा बाण करून ते पुढच्या महिन्यात पाठवायचं. पूर्वी आम्ही याला चालढकल म्हणायचो. बाण काढायला लागल्यापासून त्याला नियोजन म्हणतो.

खर्चाबाबत मंडळाचं धोरण कडक होतं. वही शंभर येनच्या दुकानातली, पेन बँकेने फुकट दिलेलं, आणि पट्टी म्हणून कामाबोकोच्या, म्हणजे माशाच्या वडीच्या, तळाशी असते ती लाकडी फळी. (आधी वडी खावी लागते. तो खर्च जेवणात धरावा.) जो वर्षभर एकाच वहीत भागवेल आणि मार्चअखेर एकही काम शिल्लक ठेवणार नाही, त्याला मंडळाचं प्रमाणपत्र.

कुराता फुमिएबाई अशाच वड्यांच्या दुकानात काउंटरवर असतात. वय अठ्ठावन्न, स्वभाव हिशेबी. सगळ्या वर्गाला फळ्या त्यांनीच धुऊन, वाळवून आणल्या. त्यांच्या पहिल्या पानावर तीन कामं होती: दात दाखवणे, भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त करणे, दादाला फोन.

मे महिन्यात दात झाला. जूनमध्ये घड्याळ चालू लागलं. फोनला बाण गेला.

जुलैत त्यांना रंगीत चिकटपट्टीचा शोध लागला. शंभर येनच्या दुकानाचा मोठेपणा असा, की तिथे महाग काहीच नसतं, त्यामुळे थांबायला कारण सापडत नाही. ऑगस्टमध्ये 'दादाला फोन'भोवती आकाशदिवे आले. ऑक्टोबरमध्ये तीच अक्षरं ब्रशने लिहून वर पर्सिमनच्या केशरी फळांची फांदी काढली गेली. जानेवारीत सोनेरी कड आली. शेजारच्या गल्लीतून बायका पान बघायला यायच्या. इतकं देखणं न झालेलं काम ओदावारात दुसरं नव्हतं.

दरम्यान उरलेल्यांपैकी पाच जणींनी वही सोडली आणि सात जणी दुसरी वही घेऊन बजेटबाहेर गेल्या. (माझी वही कोरी आहे. सचिवाला इतिवृत्त असतं.) म्हणजे प्रमाणपत्रासाठी एकट्या फुमिएबाई उरल्या.

मार्चच्या चौदा तारखेला, सकाळी अकरा वाजता, समितीने त्यांची वही तपासायला घेतली. समिती म्हणजे मिनेगिशीबाई आणि मी.

"फुमिएबाई," मिनेगिशीबाई पानं उलटत कुजबुजल्या, "हे एक काम अकरा वेळा पुढे गेलंय."

"हो, पण दर वेळी रंग वेगळा आहे."

"रंग छानच आहेत. दादा आहेत ना?"

"आहे की. नुमाझूला असतो. गाडीने तासाभरावर." मग म्हणाल्या, "आई गेल्यावर तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं त्याने. आणि आईचा कपाटाएवढा देव्हारा मला न विचारता काढून टाकला. चार वर्षं झाली."

मिनेगिशीबाईंनी वही शेवटपर्यंत उलटली. शेवटच्या पानावर एकच ओळ शिल्लक होती.

"आता बाण काढलात तर जायचं कुठे?" मिनेगिशीबाईंनी विचारलं.

"नवी वही घेईन."

"बजेटमध्ये बसत नाही," असं म्हणून मी सभागृहाचा फोन त्यांच्यापुढे सरकवला.

त्यांनी कुठेही न बघता नंबर फिरवला. यासुहिकोदादांना कमी ऐकू येत असल्याने ते ओरडून बोलतात. त्यामुळे पुढील संभाषण समितीला चोरून ऐकावं लागलं नाही.

"हॅलो, मी फुमिए."

"कोण फुमिए?"

"किती बहिणी आहेत रे तुला?"

"एक होती. तिने फोन आपटला."

"आपटला नव्हता! हातातून सुटला."

"चार वर्षं सुटलेलाच होता?"

"हे बघ दादा, मला भांडायचं नाहीये. मला फक्त तुझ्यावर फुली मारायचीय."

"ती तू तेव्हाच मारलीस!"

फुमिएबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी इतिवृत्तात पाहिलं.

मग पलीकडचा आवाज खाली आला. "अगं, देव्हारा जिन्यात अडकला. चार माणसं लावली. वळणावरून वर जाईना, खाली येईना. शेवटी कापावा लागला. तुला कोणत्या तोंडाने सांगणार? घंटा तेवढी ठेवलीय आईची. रोज वाजवतो. थांब."

पावलं ऐकू आली. मग टणकन एक टोला, आणि मागून लांबत जाणारा नाद. फुमिएबाई रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून, नाद पुरता विरेपर्यंत बसून राहिल्या. मिनेगिशीबाई चष्मा पुसू लागल्या. इतिवृत्तात मी 'घंटेचा आवाज समाधानकारक' अशी नोंद केली.

"जेवलास का?" अखेर फुमिएबाईंनी विचारलं.

"अकरा वाजता कोण जेवतं? रविवारी ये. येताना वड्या आण. इकडच्या वड्यांना चव नाही."

फोन ठेवून त्या तशाच बाहेर पडल्या. टिंबावर फुली मारायची राहिली. नियमानुसार काम अपूर्ण ठरतं, म्हणून प्रमाणपत्र रोखण्यात आलं. हे कळवायला मी दुकानात दोनदा गेलो. दोन्ही वेळा त्या नुमाझूला होत्या.

या प्रकाराने प्रभावित होऊन मंडळाने सर्व अडतीस सभासदांची पाहणी केली. 'तुम्ही कोणाला फोन करायचा टाळता आहात?' या प्रश्नाला सगळ्यांनी एका मिनिटात नाव लिहून दिलं. महिनाभरात फोन केलेले सभासद: शून्य. ती सोनेरी चिकटपट्टी कुठे मिळते, असं विचारून गेलेले: एकतीस.

वाचकांची पाहणी अजून व्हायची आहे. नाव तुमच्याही मनात येऊन गेलंच असेल, ते आम्हाला कळवण्याची गरज नाही. चिकटपट्टीचं दुकान पोस्टाच्या शेजारी आहे. दहा ते सात. मंगळवारी बंद.