चहाआधी भांडं

आमच्या घरी येणारा माणूस दारात आधी चपला काढतो. धोटे भाऊजी आधी लोहचुंबक काढतात.

खोटं नाही सांगत. सदऱ्याच्या खिशात, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं, काडेपेटीएवढं काळं लोहचुंबक. "वहिनी, पावडर आणा," म्हणायचं, वर्तमानपत्रावर चमचाभर चहापावडर पसरायची आणि तिच्यावरून चुंबक फिरवायचं. इतकं हळू, जसा तापलेल्या लेकराच्या कपाळावरून हात फिरवावा. पहिल्यांदा त्यांनी ते उचलून माझ्या डोळ्यांपुढे धरलं तेव्हा अंगावर काटा आला. पिशवीवर बारीक काळे केस ताठ उभे!

"लोखंड," भाऊजी म्हणाले. "पानं मळायच्या यंत्रांचे रूळ झिजतात, त्याचा कीस."

"अगं बाई! म्हणजे इतकी वर्षं मी लोखंड पिते आहे?"

"एवढ्याशानं कोणी मरत नाही, वहिनी. पण पोटात कोणाला घेतो, त्याची ओळख तर पाहिजे!"

इथे भोपाळच्या सोनागिरीत सगळे त्यांना ओळखतात. शेजारच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत त्यांनी उभा जन्म धातू तपासले. निवृत्त झाले, पण तपासणी काही निवृत्त झाली नाही. मूळचे अमरावतीकडचे, त्यामुळे जीव लावतात तोही दटावूनच. कोणाकडेही गेले की पहिला प्रश्न, "भांडं कशाचं?" स्टीलचं म्हटलं की बसतात. ॲल्युमिनियमचं म्हटलं की उभ्यानंच बोलतात. रंगीत नक्षीचा कप दिसला की उलटा करून बूड बघतात, रंगात शिसं असेल म्हणून. एकदा चहा ओतलेलाच कप उलटा केला. माझा सोफा त्याला साक्षी आहे.

कारखान्याच्या फाटकापाशी चहाची टपरी आहे. तिथला चहावाला ॲल्युमिनियमच्या पातेल्यात सकाळचा चहा दुपारपर्यंत उकळत ठेवतो. भाऊजी त्या पातेल्यात वाकून बघत राहिले, तेव्हा तो वैतागून म्हणाला, "बाबूजी, चाय पीनी है कि एक्स-रे निकालना है?"

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, बाकीचं वाचनालयानं शिकवलं. पण भाऊजी बोलायला लागले की मी हातातलं काम टाकून ऐकते. चहाचं झाड म्हणे मातीतून धातू शोषून घेतं. ॲल्युमिनियम, मँगनीज, काय काय. कोवळ्या पानात कमी, जून पानात जास्त. पाण्यात किती उतरणार, ते आपण किती उकळतो त्यावर. आंबट घातलं की भांडंही आपलं थोडं अंग सोडतं. मी माझ्या कपाकडे बघतच राहायची. कुठल्या डोंगराची माती, कुठल्या झाडाच्या शिरा, आणि ती इथे माझ्या बशीत! पृथ्वी पितोय की काय आपण, असं वाटायचं.

"मग चहा सोडू का, भाऊजी?"

"कशाला? धड माणसानं दोन कप खुशाल प्यावे. मूत्रपिंडं आहेत ना, ती बाहेर टाकतात. फक्त... ज्याची मूत्रपिंडं थकली, त्याच्या अंगात ते साचत जातं. त्यानं जपायचं."

ते कोणाबद्दल बोलताहेत, हे मला माहीत होतं. त्यांची बायको सुमन. तिचं डायलिसिस चालू आहे. दिवसभराचं पाणी तिला बाटलीत मोजून मिळतं, आणि त्यातच सकाळचा अर्धा कप चहा बसवायचा. तो चहा भाऊजी स्वतः करतात, दाराला कडी लावून, पूजा केल्यासारखा.

पण या तपासणीपायी झालं काय, की लोकांनी या दोघांना बोलावणंच सोडलं. कोणाला आवडेल आपल्या ओट्यावर छापा पडलेला? आणि सुमन पडली बोलकी. चार बायकांत बसल्याशिवाय तिला अन्न गोड लागत नाही. एकदा दवाखान्यातून येताना रिक्षात मला म्हणाली, "ताई, आजारानं नाही हो एकटी पडले मी. यांच्या चुंबकानं पडले."

म्हणून यंदा चैत्रातल्या हळदीकुंकवाला मी तिला आग्रहानं बोलावलं. पन्हं तिला चालत नाही, म्हणून सकाळचा अर्धा कप राखून ती दुपारी आली. नवी साडी, हातावर पट्टी, चेहरा मात्र माहेरी आल्यासारखा. भाऊजी सोबत आले ते तिला धरून आणायला म्हणून. बायकांत काय बसणार? स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहिले, आणि व्हायचं तेच झालं.

आमच्या मृणालनं, म्हणजे सुनेनं, चहासाठी सासूबाईंचं पितळी पातेलं काढलं होतं. चिंच लावून, मीठ लावून, आतून-बाहेरून असं घासलेलं की सोनं झक मारेल!

"पाहू?" भाऊजी आत शिरले. वाकले. "आतून पिवळं कसं? कल्हई कुठे गेली?"

"अंकल, कितना चमकाया मैंने! काळं काळं होतं आत, सगळं काढलं."

"ते काळं म्हणजेच कल्हई, पोरी! तेच चिलखत होतं. आता यात नाही करायचा चहा."

मृणालचं तोंड एवढंसं झालं. बाहेरच्या गप्पा थांबल्या. कोणीतरी पुटपुटलं, "झालं सुरू यांचं." मी बघितलं, सुमननं मान खाली घातली होती. ती हळूच म्हणाली, "आज तरी राहू द्या हो. चला, घरीच जाऊ आपण."

भाऊजींनी तिच्याकडे पाहिलं. मग ते म्हणाले, "घरी कशाला? तू बस." आणि चपला घालून निघाले. भर उन्हात, भोपाळच्या त्या चैत्रातल्या दुपारी! आले ते घामानं निथळत, डोक्यावर आपलं स्टीलचं मोठं पातेलं उलटं घालून.

"मृणाल, आलं किसून दे. आणि चमक फार सुंदर आणलीस हो. फक्त बाहेरून आणायची."

मग त्यांनी सगळ्यांचा चहा केला. बायकांना काय, विषयच मिळाला. "भाऊजी, ओटी भरू का तुमची?" "पातेल्याची भरा, मानकरी ते!" हसून हसून एकीच्या हातातली डाळ सांडली. सुमन मधोमध बसली होती. तो अर्धा कप ती असा पीत होती, की संपूच नये. मला तिची गोष्ट ऐकू येत होती, लग्नात हळदीच्या दिवशी नवऱ्यानं म्हणे वाटी कशाची ते विचारलं होतं!

मी एक कप भरून स्वयंपाकघरात भाऊजींना दिला. त्यांनी हात आडवा धरला.

"अहो, इतकं उन्हातून धावलात. बरं, पाणी तरी घ्या."

"आजचं झालं माझं."

"आजचं म्हणजे?"

त्यांनी दाराकडे एकदा पाहिलं. ओठ सुकून पांढरे पडले होते. "तिला मोजून मिळतं ना, वहिनी. तिच्यासमोर गटागटा पिणं जमेना. मग मागेही जमेना. आता दोघांना सारखंच. तिला नका सांगू, मला रागवेल."

रागवावं, की पाया पडावं? एवढं शास्त्र कोळून प्यालेला माणूस, आणि हे असं, कुठल्याच शास्त्रात न बसणारं!

तेवढ्यात बाहेरून सुमनचा आवाज आला, खणखणीत. "अहो, फक्कड झालाय हं चहा!"

भाऊजींनी ओठांवरून जीभ फिरवली आणि ओरडून म्हणाले, "आणखी मागायचा नाही!"

बाहेर सगळ्या खो खो हसल्या. ते हसू संपेपर्यंत भाऊजी दाराआड कान देऊन उभे होते.